जात्यावरची रोजनिशी

आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. पण शुश्रूषा करणारीच्या मनाचा शीण कोठें उतरावा, हें सांगणारा विरळा. अंथरुणास खिळलेली सासू, तापानें फणफणलेलें मूल, आणि साऱ्यांचें करतां करतां स्वतःचें दुःख गिळणारी सून, हें चित्र मराठी घरांत नवें नाहीं. हल्लींचे मानसशास्त्रज्ञ अशा व्यक्तीस रोजनिशी लिहिण्याचा सल्ला देतात. परंतु ज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्या स्त्रियांनीं काय केलें? त्यांनीं जात्याशीं हितगुज केलें.

मराठवाड्यांत या गोष्टीची साक्ष फार जुनी आहे. हिंगोलीजवळील नरसी हें संत नामदेवांचें (इ. स. १२७०–१३५०) जन्मस्थान, अशी तिकडील परंपरा, आणि त्यांच्या घरीं राबलेली जनाबाई गंगाखेडची. १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोंवर हीं दोन्ही गांवें परभणी जिल्ह्यांतच होतीं. दळण, कांडण, झाडलोट हें जनाबाईच्या वांट्याचें काम. त्या कष्टांचेच तिनें अभंग केले. प्रत्यक्ष विठ्ठल आपल्याबरोबर दळूं लागतो, असें ती सांगते. भाविकांना त्यांत चमत्कार दिसला; एकट्या राबणाऱ्या जिवाला ऐकणारा कोणी सांपडला, हाही त्याचा अर्थ आहे.

हाच मार्ग खेडोपाडींच्या अनाम स्त्रियांचा. पहाटे, घर निजलेलें असतां, खुंट्याला हात लागे आणि ओवी सुरू होई. दिवसां ज्या तोंडाला उलट बोलण्याची मुभा नव्हती, तें घरघरीच्या आडोशाला मोकळें होई. माहेरची ओढ, सासुरवास, लेकराचें दुखणें, आईचा मृत्यु, सारें जात्यापुढें मांडलें जाई. ओवी बहुधा दोन ओळींची. दुःख तेवढ्याच मापांत बसवावें लागे, आणि मापांत बसलेलें दुःख उचलावयास हलकें होतें.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि स्त्रियांचें मोठें ओझें उतरलें; पण त्याबरोबर बोलण्याची ती जागाही गेली. पुण्यांत राहिलेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या परिश्रमानें हजारावर गांवांतील एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या, हें मोठें भाग्य.

या मोकळें होण्याचें मोल पाश्चात्त्य संशोधनानेंही जोखलें आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत जेम्स पेनेबेकर व सॅन्ड्रा बील यांनीं कांहीं विद्यार्थ्यांस चार दिवस, रोज पंधरा मिनिटें, मनांत रुतलेल्या दुःखाविषयीं लिहावयास लाविलें. ज्यांनीं घटना व भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची गरज कमी पडली. १९९५ सालीं ओहायोंतील संशोधकांना असें आढळलें कीं, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरील लहानशी जखम भरून येण्यास इतरांहून सरासरी नऊ दिवस अधिक लागले. सेवेचा ताण असा शरीरांत मुरतो.

आतां जातें परत यावयाचें नाहीं, आणि येऊंही नये. त्याची जागा वहीनें घ्यावी. शुश्रूषा करणाऱ्या माणसास पाव तासाचा एकांत मिळवून देणें हें घरच्यांचें कर्तव्य आहे. मात्र एक गोष्ट विसरूं नये. वही ऐकून घेते, पण भार उचलूं शकत नाहीं. जात्याच्या खुंट्यावर बहुधा दोघींचे हात असत. म्हणूनच दळणही सरे आणि दुःखही.