काडीमोड, सोडचिठ्ठी आणि न्यायासन

जुन्या दप्तरांच्या रुमालांत सनदा, महजर व निवाडपत्रें यांचेकडे संशोधकाची दृष्टि प्रथम जाते, आणि तें साहजिक आहे. परंतु त्याच रुमालांत कधीं कधीं चार-सहा ओळींचा, शिक्का नसलेला, एखादा मोडी चिटोरा आढळतो. एका नवऱ्यानें एका स्त्रीवरील आपला हक्क सोडल्याचा तो लेख असतो. राजकारण नाहीं, वतन नाहीं, म्हणून असला कागद किरकोळ समजून बाजूस टाकण्याचा प्रघात पडला आहे. तो प्रघात चुकीचा आहे. ज्या स्त्रीच्या हातीं हा चिटोरा होता ती पुढें पाटाची बायको ठरली, आणि जिच्या हातीं तो नव्हता ती एका काळीं फौजदारी गुन्हेगार ठरली. हें कसें घडलें तें थोडक्यांत दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. काडी मोडून संबंध तोडल्याची खूण करावयाची, त्यावरून काडीमोड हा शब्द आला. ही क्रिया झाली. तिचा लेख म्हणजे सोडचिठ्ठी. तिसरा शब्द फारखत. हा मूळचा अरबी-फारसी असून त्याचा अर्थ केवळ मुक्ततापत्र इतकाच आहे. कर्ज फिटल्यावर सावकार फारखत देई, भाऊ विभक्त झाले म्हणजे परस्परांस फारखत लिहून देत. म्हणून मथळ्यांत फारखत शब्द दिसला कीं तो विवाहविच्छेदच, असें अनुमान करणें धोक्याचें आहे. आंतील मजकुरांत पाटाची मोकळीक, दागिन्यांची परतफेड किंवा लग्नखर्चाचा उल्लेख आहे कीं काय, हें पाहूनच निर्णय करावा.

शास्त्राची बाजू सर्वविदित आहे. मनूच्या मतें विवाह अविच्छेद्य. नारद-पराशरांनीं पांच आपत्तींत स्त्रीस अन्य पति सांगितला, परंतु निबंधकारांनीं त्या वचनांस संकोच घातला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मात्र या विषयासाठीं 'मोक्ष' असा स्वतंत्र शब्दच आहे. परस्परद्वेष असल्यास मोक्ष मिळावा, एकाचीच इच्छा असल्यास मिळूं नये, व पहिल्या चार धर्मविवाहांस तो मुळींच लागूं नये, अशी त्याची व्यवस्था आहे. म्हणजे विच्छेदाची कल्पना या देशास परकी नव्हती. वरिष्ठ वर्णांच्या आचारांतून ती लोपली आणि इतर जातींच्या रूढींत टिकली, एवढेंच म्हणतां येईल.

मराठेशाहींत या रूढीचें न्यायासन जातिसभा हेंच होतें. सरकारचा संबंध मुख्यतः दोन ठिकाणीं येई. तंटा चिघळून फिर्याद हुजूर गेली म्हणजे, आणि पाटावरील कर, ज्यास पाटदाम म्हणत, तो वसूल करण्याच्या वेळीं. म्हणून जमाखर्चाच्या कागदांतील पाटदामाची नोंद ही सामाजिक इतिहासाचेंही साधन होय. त्या काळच्या न्यायसभेपुढें अग्रवादी व पश्चिमवादी आपआपली तकरीर स्वतः करीत. आजच्या अर्थाचा वकील तेथें नव्हता. वकील या शब्दाचा दरबारी अर्थ परराज्यांतील प्रतिनिधि असा होता.

१८१८ त पेशवाई बुडाल्यावर नव्या सरकारास प्रश्न पडला कीं, या लोकांस कोणता कायदा लावावा. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमानें उत्तर दिलें तें असें: प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे, ते नसतील तेथें देशाची रूढि, तीही नसेल तेथें प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि अखेर न्याय, समता व सद्सद्विवेक. याच धोरणास अनुसरून आर्थर स्टील यानें दक्षिणेंतील जातींच्या चालीरीतींचा संग्रह केला व तो १८२७ त छापला गेला. परस्परसंमतीनें नवऱ्यानें बायकोची गळसरी तोडून सोडचिठ्ठी दिली असतां ती पाट लावूं शकते, अशी चाल त्यांत नोंदलेली आहे. येथवर जातीची रूढि व सरकारचें न्यायासन यांत उघड विरोध नव्हता.

विरोध उत्पन्न झाला तो दंडसंग्रहामुळें. १ जानेवारी १८६२ रोजीं तो अमलांत आला. त्याच्या ४९४ व्या कलमान्वयें, पति किंवा पत्नी हयात असतां केलेला, व त्या कारणानें निरर्थक ठरणारा दुसरा विवाह हा सात वर्षांपर्यंत कैदेचा अपराध झाला. १८६४ त गुजराथेंतील तळपदा कोळी जातीचें एक प्रकरण मुंबई हायकोर्टापुढें आलें. नवऱ्याच्या संमतीवांचून त्यास सोडून दुसरा संबंध, म्हणजे नातरें, करण्याची मोकळीक बायकोस देणारी जातीची रूढि कोर्टानें अग्राह्य ठरविली. १८७६ त याच कोर्टानें आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, विवाह रद्द करण्याचा किंवा स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा अधिकार जातीस नाहीं, आणि जातीची परवानगी पुरेशी आहे असा प्रामाणिक समज हा बचाव होऊं शकत नाहीं.

या दोन निवाड्यांचा परिणाम किती दूरवर गेला, हें लक्षांत घेतलें पाहिजे. पूर्वी पंचांचा शब्द हा प्रधान होता व नवऱ्याची चिठ्ठी हा त्याचा पुरावा होता. आतां पंचांच्या शब्दास किंमत उरली नाहीं आणि नवऱ्याची संमति हीच प्रधान झाली. छळणाऱ्या किंवा हटवादी नवऱ्यापासून जातीनें स्त्रीस सोडविण्याचा जो एक जुना मार्ग होता, तो बंद झाला. नवा मार्ग मात्र कोणी काढून दिला नाहीं. पारशांस १८६५ चा, धर्मांतर केलेल्यांस १८६६ चा व ख्रिस्ती लोकांस १८६९ चा कायदा मिळाला. हिंदु स्त्री तशीच राहिली.

याचें ठळक उदाहरण म्हणजे रखमाबाईचा खटला. ती सुतार जातीची. तिच्या आईनें स्वतः पुनर्विवाह केलेला होता, यावरून त्या जातींत पाट निषिद्ध नव्हता हें उघड आहे. बालपणीं झालेल्या विवाहाचा पति दादाजी भिकाजी यानें १८८४ त तिनें नांदावयास यावें म्हणून दावा लावला. मुंबई हायकोर्टाच्या अस्सल शाखेंत त्या काळीं पक्षकारास थेट बॅरिस्टराकडे जातां येत नसे. अॅटर्नीनें कागद तयार करावयाचे आणि त्यानेंच कौन्सिल नेमावयाचे, अशी दुहेरी पद्धति होती; ती १९७६ च्या कायद्यानें संपली. रखमाबाईच्या बाजूनें लॅथम, इन्व्हरॅरिटी व काशीनाथ त्र्यंबक तेलंग हे उभे राहिले. मराठ्यांच्या बखरींवरील ज्यांचा निबंध रानड्यांच्या ग्रंथास जोडलेला आहे, तेच हे तेलंग. कायदा व शास्त्र या दोहोंचें ज्ञान असणारा असा मनुष्य या दाव्यांत असावा, ही निवड यथार्थ होती.

नवरा सोडचिठ्ठी देत नव्हता आणि १८६४ व १८७६ च्या निवाड्यांनंतर जातीकडे जाऊन उपयोग नव्हता. काडीमोडीची वाट अशी बंद असल्यामुळें लढाई दाव्याच्या मुळावरच झाली. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं निकाल दिला कीं, अशा दाव्यास हिंदु धर्मशास्त्रांत आधार नाहीं आणि जेथें सहवास कधीं झालाच नाहीं तेथें इंग्रजी कायद्यांतही नाहीं. १८८६ त अपिलांत हा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद, असा हुकूम केला. अखेर जुलै १८८८ मध्यें दोन हजार रुपये घेऊन दादाजीनें हुकमाची बजावणी सोडली. ही तडजोड होती, विच्छेद नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें विवाह कायमच राहिला.

पुढें मार्ग हळूहळू मोकळा झाला. गोमंतकांत पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या ३ नोव्हेंबर १९१० च्या हुकमानें, बडोद्यांत सयाजीरावांच्या राज्यांत १९३१ त, मुंबई इलाख्यांत १९४७ त आणि सर्व देशांत १९५५ त हिंदूंस घटस्फोटाचा कायदा मिळाला. त्याच १९५५ सालीं डॉक्टर रखमाबाई वारल्या, हा योगायोग मनास चटका लावणारा आहे.

या १९५५ च्या कायद्याच्या २९ व्या कलमानें रूढीनें मान्य असलेला विवाहविच्छेद राखून ठेवला आहे. परंतु रूढि आहे असें म्हणणाऱ्यानेंच ती स्पष्टपणें मांडून सिद्ध केली पाहिजे, नुसतें विच्छेदपत्र पुरेसें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ त सांगितलें. म्हणून आजही या कामीं वकील निवडतांना तो प्रथम काय विचारतो तें पाहावें. पक्षकार कोणत्या कायद्याखालीं येतो, जातींत रूढि कोणती व तिचा पुरावा काय, मूळ कागद कोठें आहे, आणि दाद कोणत्या कोर्टांत मागावयाची, या चार प्रश्नांवांचून जो यशाची हमी देतो, त्यास १८६४ पासूनचा इतिहास ठाऊक नाहीं असें समजावें.

ज्यांच्या संग्रहीं सोडचिठ्ठ्या असतील त्यांस शेवटीं एक विनंति. कागद कोणत्या गांवचा, कोणत्या जातीचा, शक कोणता, साक्षी कोणाच्या व देणेंघेणें काय झालें, एवढें तरी टिपून ठेवावें. रूढि ही अशा चिटोऱ्यांतच शिल्लक असते. त्यांच्या नाशाबरोबर तिची साक्षही जाते.