नरक्याची कुळकथा

आंबोली, राधानगरी, कोयनेच्या रानात नरक्या नावाचं बेताच्या उंचीचं झाड वाढतं. फुलांना इतका घाण वास, की दुसरं नाव सुचलंच नसतं. कॅन्सरवरच्या दोन महत्त्वाच्या औषधांचा कच्चा माल या झाडात आहे. हे ऐकलं की कुणीतरी लगेच ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणतं. पण ही गोष्ट पोथीतून आलेली नाही.

ती सुरू झाली अमेरिकेत, आणि तीही कॅन्सरसाठी नव्हे. 1950च्या दशकात तिथल्या शेती खात्यात मनरो वॉल हे रसायनज्ञ कॉर्टिझोन बनवायला उपयोगी पडतील अशी द्रव्यं शोधत हजारो वनस्पतींचे अर्क काढत होते. त्यांतले काही अर्क कॅन्सरच्या चाचणीला गेले. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या बागेत लावलेल्या एका चिनी झाडाचा अर्क उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर चालला. त्यातलं द्रव्य वेगळं काढून त्याची रचना 1966 साली जाहीर झाली: कॅम्प्टोथेसिन. या कामात वॉल यांचे जोडीदार होते मनसुख वाणी. जन्म 1925, नंदुरबार. शिक्षण मुंबई विद्यापीठात. पुढे 1971 मध्ये याच जोडीने टॅक्सॉल या कॅन्सरवरच्या औषधाची रचनाही उलगडली. नंदुरबारात वाणींचं नाव किती जणांना माहीत असेल?

लगोलग 1972 साली मुंबईत, गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात सापडलं. चिनी झाडाच्या कुळाशी नरक्याचं जवळचं नातं नाही, तरी द्रव्य तेच!

औषध मात्र लगेच झालं नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होऊ लागली आणि काम थांबलं. ते पुन्हा सुरू झालं 1985 साली, कॅम्प्टोथेसिन काय करतं हे कळल्यावर. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा त्याला पीळ पडतो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज-1 हे विकर एक धागा कापतं आणि पुन्हा सांधतं. कापलेला धागा कॅम्प्टोथेसिन सांधू देत नाही. नक्कल त्या जागी पोचली की डीएनए तुटतं, पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या गाठीला हे जास्त बाधतं. मग मूळ रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली. 1996 साली अमेरिकेत दोन्हींना मंजुरी मिळाली, पहिल्याला अंडाशयाच्या आणि दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी.

त्यानंतर नरक्याला भाव आला आणि रानात कुऱ्हाडी शिरल्या. साल, खोड, मूळ, सगळ्यालाच गिऱ्हाईक असल्याने झाड मुळासकट जातं. नरक्याच्या ढलप्यांची पोती पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे अधूनमधून येतात.

आणि कुणी कॅन्सरवर उपाय म्हणून नरक्याची साल उकळून प्यायला सांगितली, तर साफ नकार द्या. त्यातलं द्रव्य विषारी आहे. त्याचं औषध करायला तीस वर्षं लागली. साल विकणारा दिसलाच, तर वनखात्याला कळवा.