खानदेशात लिनक्सला नेट लागलं ते असं

खानदेशातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्याची गोष्ट सांगताना लोक असेंबल केलेले पीसी, एमएस-सीआयटीचे वर्ग आणि सायबर कॅफे इथवर येतात आणि थांबतात. त्यातली एक बाजू नोंदवून ठेवावी असं मला फार वाटतं. लिनक्स टाकलं की नेट बंद पडायचं, आणि ते परत चालू करता करता धुळे-जळगावात मेकॅनिकांची एक पिढी घडली. मी तिच्यातलाच. धुळ्याच्या देवपुरात वाढलो, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये काम शिकलो आणि पुढे धुळ्यात आग्रा रोडजवळच्या एका गल्लीत स्वतःचं टेबल मांडलं.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मोजक्या महानगरांत. लिनक्सला मात्र आपल्याकडे यायला नेट लागलंच नाही. ‘पीसी क्वेस्ट’नं १९९६ मध्ये अंकासोबत स्लॅकवेअरची सीडी दिली. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ हे मासिक निघालं, त्यालाही सीडी असायची. उबुंटू २००४ मध्ये आलं, आणि मागणी नोंदवली की त्याची सीडी टपालानं घरी फुकट यायची. ही सोय एप्रिल २०११ पर्यंत चालली. थोडक्यात, सिस्टम हातात असायची, मशीनवर चढायचीही, पण नेटचा पत्ता नसायचा.

पहिली अडचण मॉडेमची. तेव्हाच्या स्वस्त पीसीत आत बसवलेलं जे मॉडेम कार्ड यायचं, ते अर्धवट असायचं. आवाजाचे सिग्नल ओळखायचं खरं काम कार्ड करतच नसे. ते विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घ्यायचा. त्याला विनमॉडेम म्हणत. लिनक्समध्ये तो ड्रायव्हर नाही, म्हणून कार्ड नुसतंच खाचेत बसून राही. काहींसाठी ड्रायव्हर निघाले, पण त्यातल्या एकाची फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसच्या वर जातच नव्हती. बाकीचे ड्रायव्हर कर्नलच्या हेडर फायली घेऊन स्वतः कंपाइल करावे लागायचे, आणि त्या फायली असायच्या नेटवर. नेट लावायला आधी नेट हवं!

यावर उतारा होता तो जुना, वेगळ्या डब्यातला, मागच्या सीरियल पोर्टला लागणारा मॉडेम. नव्या वस्तूच्या नादात लोकांनी माळ्यावर टाकलेले ते डबे आम्ही शोधून आणायचो. डब्ल्यूव्ही-डायल नावाची छोटी सोय होती. तिच्या फायलीत बीएसएनएलच्या संचारनेट या डायल-अप सेवेचा १७२२३३ हा नंबर, नाव आणि पासवर्ड भरला की मॉडेम किंचाळायला लागायचा. ते किंचाळणं ऐकून लाइन किती खराब आहे, हे मी आजही सांगू शकेन.

नेटशिवाय फायली मिळवायच्या कशा? एस.टी.नं. एरंडोल-पारोळ्यामार्गे धुळे-जळगाव गाड्या दिवसभर चालतात. ज्याच्याकडे चालू कनेक्शन असेल तो फाइल उतरवायचा, सीडीवर जाळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्यायचा. ७०० एमबीची अख्खी सीडी ५६ केबीपीएसनं उतरवायची तर पूर्ण वेग मिळूनही २८ तासांच्या वर लागणार. तो वेग खरं तर कधीच मिळत नसे, आणि फोनचं बिल वेगळं. म्हणून गोलाणीत एकाकडे आलेली सीडी सगळ्यांची होई. कुणी कुणाला अडवलं नाही, याचा मला अभिमान आहे. पैसे मिळायचे ते बसवून देण्याचे. माहितीचे पैसे आमच्यापैकी कुणी मागितले नाहीत.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि धंद्याचा रंगच बदलला. २५६ केबीपीएस आज ऐकायलाही थोडं वाटतं, पण तीच सीडी आता साडेसहा तासांत उतरू लागली. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ मोकळं वापरायचे प्लॅन आले, आणि पहाटे जागणारी पोरं गल्लोगल्ली तयार झाली.

ब्रॉडबँडचा मॉडेम दोन तऱ्हांनी लावता यायचा. एकीत मॉडेमच नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडतो. मग मागे विंडोज असो की लिनक्स, नेट चालतंच. दुसरीत मॉडेम नुसता पूल बनतो आणि जोडायचं काम, म्हणजे पीपीपीओई, कॉम्प्युटरवर येतं. बऱ्याच घरी ही दुसरी तऱ्हा लावलेली असायची. गिऱ्हाईक यायचं, “दादा, लिनक्स टाकं अन् नेट गयं!” आम्ही उबुंटूवर पीपीपीओई-कॉन्फ चालवायचो, नाहीतर ब्राउझरमधून १९२.१६८.१.१ वर शिरून मॉडेमच्या पानात व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ भरायचो. ते दोन आकडे त्या काळी इथल्या प्रत्येक मेकॅनिकला पाठ होते.

सगळ्यात चिवट दोष वेगळाच. काही साइट झटकन उघडायच्या आणि काही अर्ध्यावर लटकायच्या. गिऱ्हाईक म्हणे व्हायरस, शेजारी म्हणे लाइन खराब. खरं कारण आठ बाइट! इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं. पीपीपीओई स्वतःसाठी ८ घेतं, उरतात १४९२. समोरून पूर्ण मापाचं पाकीट आलं आणि ‘मोठं होतंय’ हा निरोप वाटेत कुणी अडवला, की पान लटकलं. पीपीपीओई-कॉन्फ शेवटाकडे पाकिटं लहान ठेवायचा, १४५२ चा एक प्रश्न विचारायचं, त्याला ‘हो’ म्हणायचं. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा तांब्याच्या तारेतून जाणारी ती पाकिटं मला डोळ्यांपुढे दिसायला लागली. कुठल्या वर्गात बसून मी यापेक्षा मोठं काही शिकलो असेन असं वाटत नाही.

आणि आपलं भारनियमन. वीज आली की पीसी मॉडेमच्या आधी उठायचा, पत्ता मागायचा, उत्तर मिळायचं नाही आणि तो गप्प बसायचा. मॉडेमचा लाईट लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की नेटवर्क पुन्हा चालू करायचं, एवढाच इलाज. जुन्या मदरबोर्डचा सेल उतरलेला असला तर वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जायची. सुरक्षित साइट प्रमाणपत्राची तारीख तपासतात, म्हणून बँक उघडेना, मेल उघडेना. लोक केबल बदलत बसायचे. लागायचा तो एक नाण्याएवढा सेल.

या सगळ्यातून तपासायची एक शिस्त बसली. ठिबकची नळी सुकली की शेतकरी मोटारीपासून चालत येतो, मध्येच कुठेतरी खणत नाही. तसंच: आधी लाईट, मग केबल, मग कार्ड सिस्टमला दिसतं का, मग पत्ता मिळाला का, मग मॉडेमला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, आणि शेवटी नावाला. आकड्याला पिंग जातं आणि नावाला जात नाही, तर दोष नावाचा आकडा शोधून देणाऱ्या डीएनएसचा; लाइनमनला बोलवायची गरज नाही. लिनक्सनं यातलं काहीच आमच्यापासून झाकलं नाही. प्रत्येक पायरीला ते काय झालं ते सांगायचं, आपण वाचायची तयारी हवी.

पुढच्या अडचणी लवकर आल्या आणि लवकर गेल्या. यूएसबी डोंगल आले; लावला की तो आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवायचा, कारण त्याच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर. जोशुआ डिट्झे यांच्या यूएसबी-मोडस्विचनं त्याला मॉडेम व्हायला लावलं. सीडीएमए फोनवरून नेट घ्यायचं तर #७७७ हा नंबर लावायचा. लॅपटॉपच्या वायफायचा त्रास जास्त टिकला, कारण चिपमध्ये भरायचं फर्मवेअर खुलं नव्हतं आणि डेबियन लिनक्सवाल्यांसारखे काटेकोर लोक ते सीडीत घालत नसत. ब्रॉडकॉमनं सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या नव्या वायफाय चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. डेबियननं ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान घेऊन फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते मिळायला लागलं. तत्त्वाला मुरड पडली असं काहींना वाटलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. नंदुरबारच्या एखाद्या शाळेत जुना लॅपटॉप पहिल्या दिवशी नेटला लागणं मोलाचं आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून टेबलावर जुनी मशीनं परत यायला लागली आहेत. माझ्याकडे काम शिकणारा मुलगा वायफाय नाही चाललं तर खिशातला फोन यूएसबीनं जोडतो, टेदरिंग चालू करतो, ड्रायव्हर ओढून घेतो आणि मशीन हातात देतो. तेही नाही जमलं, तर तो लाईटपासून सुरुवात करतो.