थंडीत गाडी बंद पडली, तर येतं कोण?

आजच्या भागात आपण एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत. कडाक्याच्या थंडीत गाडीची बॅटरी बसली, तर रस्त्यावर मदतीला कोण येतं? आणि हे येणारे लोक कधीपासून, कशासाठी यायला लागले?

पुण्या-मुंबईत बसून हा प्रश्न काही फार मोठा वाटत नाही. आपल्याकडे बॅटरी उतरली की चार जण गोळा होतात. एक जण काचेत डोकं घालून 'सेकंडला टाका, क्लच दाबून ठेवा' असं सांगतो, बाकीचे धक्का मारतात. गाडी घरघरते, चालू होते, आपण हात दाखवून निघतो. पण आता कॅनडातलं विनिपेग डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत तिथे पारा उणे ३० पर्यंत उतरतो. रात्रीची वेळ, गावाबाहेरचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ, आणि थांबवलेली गाडी पुन्हा चालूच होत नाही. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. अशा वेळी मदत किती मिनिटांत येते, यावर जीव अवलंबून असू शकतो.

आधी विज्ञान उरकून घेऊ, कारण त्याशिवाय इतिहास कळणार नाही.

गाडीची नेहमीची बॅटरी म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ती पहिल्यांदा बनवली. मूळ रसायन आजही तेच आहे. आता, वीज तयार होते रासायनिक क्रियेतून आणि थंडीत ही क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. अमेरिकेतली 'एएए' ही वाहनचालकांची संघटना सांगते, की शून्य अंशाला बॅटरी सुमारे ३५ टक्के ताकद गमावते आणि उणे १८ अंशाला सुमारे ६० टक्के. आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला नेहमीच्या दुप्पट करंट लागू शकतो. म्हणजे पगार निम्म्यावर आणि घरभाडं दुप्पट!

गंमत म्हणजे बॅटरीचं खरं नुकसान उन्हाळा करतो. उष्णतेने आतल्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात बॅटरी आजारी पडते आणि पहिल्या कडक थंडीत तो आजार उघडा पडतो.

पण गाडी चालू करायला बॅटरी हवीच, असं सुरुवातीला मुळीच नव्हतं. गाडीच्या पुढे हँडल घालायचं आणि दंडाच्या जोरावर गरागरा फिरवायचं. आपल्याकडच्या ॲम्बॅसेडरच्या डिकीत असं हँडल असायचं, घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. हँडल फिरवणं धोक्याचं काम होतं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं, कधी तोंडावर बसायचं.

डेट्रॉइटच्या मोटार इतिहासात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बायरन कार्टर नावाचा एक मोटार कारखानदार होता. हिवाळ्यात बेल आइलच्या पुलावर एका बाईंची गाडी बंद पडलेली त्याला दिसली. तो मदतीला उतरला, हँडल फिरवलं, झटका बसला, जबडा फुटला आणि पुढे न्यूमोनिया होऊन तो गेला. हे ऐकून कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड हादरले आणि त्यांनी ठरवलं, की हे हँडल गेलंच पाहिजे. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. कार्टर १९०८ मध्ये वारला हे मात्र खरं, आणि लेलँड यांनी चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरकडे हे काम दिलं हेही खरं.

केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्या अनुभवातून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. काम क्षणभराचंच असेल, तर छोट्या मोटरकडूनही तेवढ्यापुरता प्रचंड जोर काढता येतो. इंजिन चालू करायलाही तसा क्षणभराचाच जोर लागतो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला. फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये तो १९१९ पासून मिळू लागला.

यामुळे काय बदललं? ज्यांच्या दंडात तेवढा जोर नव्हता, असे सगळे गाडी चालवू शकले. बायका, वयस्क माणसं, कोणीही. हा फार मोठा फायदा होता. पण त्याची किंमतही होती. आधी गाडी चालू करण्याची ताकद माणसाच्या हातात होती, आता ती एका डब्यात गेली. डबा थंड पडला, की पैलवान असला तरी तो रस्त्यावर उभाच.

म्हणून मग प्रश्न आला, मदतीला येणार कोण? इथे आपल्याला लंडनला जावं लागेल, आणि तिथे ही गोष्ट सुरू होते चक्क पोलिसांना चकवण्यापासून!

१९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती. पोलीस झुडपाआड स्टॉपवॉच घेऊन बसायचे आणि गाड्या पकडायचे. वैतागलेल्या काही मोटारमालकांनी १९०५ मध्ये 'ऑटोमोबाइल असोसिएशन', म्हणजे 'एए', काढली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरायचे आणि पुढे सापळा असला तर सभासदांना सावध करायचे. १९१० मध्ये कोर्टाने ठरवलं, की असं सावध करणं हा गुन्हा आहे. मग संघटनेने अफलातून युक्ती काढली. सभासदाच्या गाडीवर बिल्ला असायचा. तो दिसला की सायकलस्वार सलाम ठोकायचा. सलाम ठोकला नाही, तर सभासदाने थांबून कारण विचारायचं. म्हणजे सलाम नाही तर पुढे पोलीस! आता सलाम न करणं हा गुन्हा कसा ठरवणार?

हेच लोक रस्त्यावर असल्यामुळे हळूहळू पंक्चर काढू लागले, बंद गाड्या चालू करून देऊ लागले. १९१२ च्या सुमारास रस्त्याकडेला त्यांच्या चौक्या उभ्या राहिल्या आणि त्यांत टेलिफोन आले. सभासदाला त्या चौकीची किल्ली मिळायची. १९४९ मध्ये लंडन भागात रात्रीची मदतसेवाही सुरू झाली. पोलिसांना टाळायला निघालेली मंडळी अशी रस्त्यावरची डॉक्टर झाली.

जर्मनीतही असंच. १९०३ मध्ये श्टुटगार्टला मोटारसायकलवाल्यांनी एक संघटना काढली. १९११ मध्ये तिचं नाव 'एडीएसी' झालं. १९५४ पासून तिचे मेकॅनिक मदतीसाठी रस्त्यावर फिरू लागले. त्यांच्या पिवळ्या गाड्यांमुळे लोक त्यांना 'पिवळे देवदूत' म्हणू लागले. आज या संघटनेचे दोन कोटींहून जास्त सभासद आहेत. आणि तिच्याकडे येणाऱ्या बिघाडांमध्ये पहिला नंबर कुणाचा? बॅटरीचा. गेल्या काही वर्षांत दर दहा बिघाडांमागे चारांहून जास्त वेळा दोषी तीच निघते.

आता मी या भागातल्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. ही मदत सरकारने सुरू केली नाही, गाडी कंपन्यांनीही नाही. गाडीवाल्यांनी गणपतीसारखी वर्गणी काढून ती उभी केली. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण वर्गणीतून उभ्या राहिलेल्या गोष्टीला एक अडचण असते. वर्गणी कुणाकडून घ्यायची आणि कुणाकडून नाही, हे कोणीतरी ठरवतं.

अमेरिकेत 'एएए' १९०२ मध्ये शिकागोत स्थापन झाली. पण पुढची कित्येक वर्षं गोऱ्यांच्या अनेक ऑटोमोबाइल क्लबांत कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नसत. त्या काळात अमेरिकेत अशी गावं होती, जिथे सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीय माणसाने थांबायचं नाही, असा अलिखित आणि कधी कधी पाटी लावून सांगितलेला दंडक होता. आता विचार करा. हिवाळा आहे, चार-पाच वाजताच अंधार पडतो आणि अशा गावाजवळ तुमची गाडी बंद पडते. क्लबला फोन करता येत नाही. कुठल्या गॅरेजचं दार ठोठवायचं तेही माहीत नाही. थंडी परवडली, माणसं नको!

यावर उपाय काढला न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या एका पोस्टमनने. त्याचं नाव व्हिक्टर ह्यूगो ग्रीन. १९३६ पासून त्याने एक पुस्तिका छापायला सुरुवात केली, ती 'ग्रीन बुक' म्हणून ओळखली जाते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे राहता येईल, कुठे जेवता येईल याच्या याद्या तिच्यात होत्या, आणि गॅरेज व पेट्रोल पंपांच्याही. दुसरे सभासद करून घेत नाहीत ना, मग आपली यादी आपण करू! १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिची गरज कमी झाली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती थांबली. मला ही पुस्तिका रस्त्यावरच्या मदतीच्या इतिहासातलं 'एए'च्या टेलिफोन चौकीइतकंच मोठं पान वाटतं.

तिसरा मार्ग निघाला तो खऱ्याखुऱ्या थंडीच्या मुलखात. मदत बोलवायची वेळच येऊ नये, असा तो मार्ग. नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स इथे अँड्र्यू फ्रीमन नावाचे गृहस्थ एका वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. हो, सहकारी! जशी आपल्या श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा होती, तशी. त्यांनी इंजिनच्या वरच्या भागातला एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा बोल्ट बसवला. रात्रभर गाडी प्लगला लावून ठेवायची, सकाळी इंजिन कोमट. ऑइल पातळ राहतं, मग अर्धमेल्या बॅटरीलाही ते फिरवणं जमतं. १९४९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज विनिपेग किंवा एडमंटनला गेलात, तर गाड्यांच्या पुढून प्लग लोंबताना दिसतील आणि पार्किंगमध्ये खांबाखांबावर सॉकेट. आपल्याला वाटेल, वा, सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या! तशा त्या नसतात, पेट्रोलच्याच असतात.

आणि इलेक्ट्रिक गाडी आली म्हणजे हा प्रश्न मिटला, असंही समजू नका. तिच्यातही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. दाराचं लॉक, कॉम्प्युटर, सगळं तिच्यावर चालतं. ती बसली, की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागीच होत नाही. 'एडीएसी'च्या मेकॅनिकना इलेक्ट्रिक गाड्यांमध्येही सगळ्यात जास्त भेटते ती हीच बॅटरी.

आपल्याकडे मुंबईत 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन' १९१९ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपली परंपराही शंभरी ओलांडलेली आहे. आता बहुतेकांकडे ही मदत येते ती विम्यातून किंवा गाडी कंपनीच्या 'रोडसाइड असिस्टन्स'मधून. वर्गणीच ती, फक्त पॉलिसीच्या बारीक अक्षरांत लपलेली. तिची मुदत संपली आहे का, हे आजच फोनवर बघून घ्या.

श्रोत्यांपैकी जे कॅनडा, जर्मनी, नॉर्वेकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत, किंवा जायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी शेवटची दोन मिनिटं. धक्का स्टार्टवर भरवसा ठेवू नका, आजच्या ऑटोमॅटिक गाड्या धक्क्याने चालू होत नाहीत. जंपर केबल जवळ ठेवा आणि क्रम पाठ करा. आधी लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. असं का? बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. दोघांची भेट घडवून आणायची नाही.

आणखी एक. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. पण पार उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल जवळजवळ पाणीच झालेलं असतं, ते शून्याच्या थोडंच खाली गोठतं. बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली दिसली तर केबल अजिबात लावायची नाही. ती फुटू शकते. फोन करा आणि येणाऱ्या माणसाची वाट बघा.

केबल मात्र स्वतःची गाडी धडधाकट असली तरी ठेवा. रस्त्यात कोणीतरी असा भेटेल, ज्याच्याकडे सभासदत्व नाही, भाषा येत नाही, फोनही बंद पडलाय. त्या वेळी त्याच्यासाठी येणारं कोणीतरी म्हणजे तुम्हीच असाल.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात कोणाला हँडल मारून गाडी चालू केल्याची आठवण असेल, तर त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!