उडून गेलेला पक्षी ओळखायचा कसा?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात माळावर पक्षी दिसायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो कोणता होता हे ठरवायला. कुसळी गवतातून चिमणीएवढे काहीतरी भुर्रकन उठते, हवेत दोन गिरक्या घेते आणि मातीच्याच रंगाचे असल्याने पुन्हा मातीत नाहीसे होते. मागे उरते ती आठवण, तीही अर्धीमुर्धी.

या पेचावर साहेबी उत्तर होते बंदूक. कर्नल विल्यम हेन्री साइक्स 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. पिके, माणसे, हवामान यांच्या नोंदींबरोबर त्याने पक्षीही जमवले. 1832 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी आली आणि शास्त्राला अपरिचित असे पन्नासहून अधिक पक्षी तिच्यात होते. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या यांची शास्त्रीय वर्णने त्याचीच. तुरेवाल्या दख्खनी चंडोलाला तर इंग्रजीत आजही साइक्सचेच नाव आहे. पक्षी मारायचा, कातडे पेंढा भरून ठेवायचे आणि टेबलावर दुसऱ्या कातड्याशी ताडून पाहायचे, अशी ही रीत. तिच्यात आठवणीवर विसंबायची गरजच नव्हती.

माळावरच्या फासेपारध्यांची रीत वेगळी होती. फासे लावून तित्तिर-लावे धरणाऱ्याला पक्षी दिसण्याआधी आवाजावरून ओळखावा लागतो. तो कुठल्या बांधाने चालेल, कोणत्या झुडपाखाली दबेल हेही ठाऊक असावे लागते. ही विद्या लिहून ठेवलेली नव्हती, बापाकडून मुलाकडे जात होती. पण 1871 पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी सरकारने अशा जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला आणि सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तो शिक्का पुसायला 1952 उजाडले. पक्षीशास्त्राच्या ग्रंथांत या जाणकारांची नावे सहसा सापडत नाहीत.

बंदूक आणि आठवण यांच्यामधला दुवा सलीम अली ठरले. 1908 मध्ये लहानग्या सलीमने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथे सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यापुढे उघडली. ओळख पटली, पण मेलेल्या पक्ष्यावरून. 1941 मध्ये याच सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि त्याने कपाटाची अट काढून टाकली. पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? रंग कोणता, शेपटी कशी, बसला कुठे? उडून गेलेल्या पक्ष्याविषयी सामान्य माणसालाही आठवतील असेच हे प्रश्न.

माढ्याच्या माळावर ते आजही कामाला येतात. डोक्यावर टोकदार तुरा असेल तर दख्खनी चंडोल. तुरा नाही, पण शेपटी तांबूस आणि तिच्या टोकाला काळी पट्टी असेल तर तांबूस शेपटीचा चंडोल. पोट काळेभोर असून हवेत वर चढत एकदम खाली सूर मारत असेल तर डोंबारी चंडोलाचा नर. डोंबाऱ्याची मादी मात्र घरच्या चिमणीसारखी दिसते, तिच्यापाशी जाणकारही अडखळतात. वटवट्यांत राखी असेल तर वरून पाटीसारखा करडा, साधा असेल तर मातकट. शेपटी दोघेही उभी धरतात.

सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी वनखात्यातल्या नोकरीत जंगलातल्या माणसांकडून ऐकलेली पक्ष्यांची माहिती आणि नावे मराठीत आणली. पारध्यांच्या रानविद्येसारखे जे शास्त्राच्या दाराबाहेर राहिले होते, त्याला त्यांच्या लेखनात जागा मिळाली.

पण पक्षी ओळखायला आधी माळ उरला पाहिजे. 1979 च्या माळढोक अभयारण्याच्या विस्तीर्ण हद्दीत माढा तालुकाही होता. ती हद्द पुढे फार आटली. उजनी धरणाचे पाणी आले तशी उसाची शेते पसरली. गवत गेले की तिथला चंडोल उसाच्या फडात राहायला जात नाही.

म्हणून माळावर अनोळखी पक्षी दिसला तर मोबाइल काढण्याआधी चार गोष्टी मनात टिपा: आकार, शेपटी, उडण्याची ढब, बसण्याची जागा. घरी आल्यावर तारीख आणि गावाचे नाव घालून त्या वहीत उतरवा. आणि गावात कोणी जुना मेंढपाळ किंवा पारधी आजोबा असतील, तर त्या पक्ष्याला ते काय म्हणतात हेही विचारून शेजारी लिहा.