दोन ‘डी’ची गोष्ट

गणेशोत्सवात गावाकडे फोन केला की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, “यंदा डॉल्बी आहे का?” कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. एकीकडे तरुण मंडळी ती भिंत सुपारी देऊन ठरवतात, तर दुसरीकडे ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ साजरा करण्याचे आवाहन केले जाते. पण हे ज्यांचे आडनाव, त्या रे डॉल्बी यांनी ध्वनिमुद्रणातील खरखर घालवण्याच्या कामातून नाव मिळवले. त्या कामाचे मूळ आपल्या चंडीगडशी जोडलेले आहे, हे इथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. चित्रपटाच्या कॅसेटवर आणि डीव्हीडीवर आपण पाहिलेल्या ध्वनिचिन्हांची गोष्ट म्हणूनच इथून सुरू करतो.

रे डॉल्बी यांचा जन्म १९३३ चा, अमेरिकेतला. विद्यार्थी असतानाच ते ॲम्पेक्स कंपनीत काम करीत आणि १९५६ मध्ये या कंपनीने आणलेल्या व्हिडिओ टेप रेकॉर्डरच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता. म्हणजे घरोघरी आलेल्या व्हिडिओच्या मुळाशीही हाच माणूस! पुढे केंब्रिजला डॉक्टरेट मिळवून १९६३ मध्ये ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आले आणि केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत रुजू झाले. सेक्टर ३० मधली ‘सीएसआयओ’ ती हीच. भारतातल्या मुक्कामात संगीत टेपवर नोंदवताना टेपची सततची सरसर त्यांना खटकली आणि तिच्यावरचा उपाय सुचला. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. डेका ही ध्वनिमुद्रण कंपनी त्यांची पहिली गिऱ्हाईक ठरली.

उपाय ऐकायला सोपा आहे. टेपची सरसर मोठ्या आवाजात झाकली जाते, हळुवार जागी मात्र उघडी पडते. म्हणून मुद्रण करताना हळुवार सूर मुद्दाम वाढवून नोंदवायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे. सूर आपल्या मूळ पातळीवर येतो आणि त्याच्याबरोबर मध्येच मिसळलेली सरसरही खाली जाते. १९६८ मध्ये या पद्धतीची घरगुती आवृत्ती निघाली आणि समोरासमोर उभे केलेले दोन ‘डी’ हे चिन्ह कॅसेटवर दिसू लागले. सुरुवातीला हे चिन्ह नुसती शोभा नव्हती, ती सूचना होती. डॉल्बी पद्धतीने भरलेली कॅसेट वाजवताना यंत्रावरचे डॉल्बीचे बटण दाबले नाही तर आवाज कर्कश वाटे. चिन्ह दिसले की बटण दाबायचे, एवढा सरळ त्याचा अर्थ होता.

यानंतर हे चिन्ह चित्रपटात गेले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ‘डॉल्बी स्टिरिओ’ जगभर पोहोचवले. यात फिल्मच्या कडेला आवाजाच्या दोनच पट्ट्या असत, पण त्यांत डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांच्या मागचा असे चार प्रवाह गुंफलेले असत. गंमत पुढेच आहे. असे चित्रपट स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर उतरवले गेले, तेव्हा ही गुंफणही नकळत त्यांच्याबरोबर घरात आली. मागून येणारा आवाज कॅसेटमध्ये होता, तो सोडवून ऐकवणारे यंत्र घरात नव्हते. १९८२ मध्ये ‘डॉल्बी सराउंड’ने ती गाठ सोडवली, १९८७ च्या ‘प्रो लॉजिक’ने ती अधिक नेमकी केली आणि कॅसेटच्या वेष्टनावर नवे शब्द छापले जाऊ लागले.

दुसरे प्रसिद्ध चिन्ह टीएचएक्सचे. स्टुडिओत कष्टाने घडवलेला आवाज चित्रगृहात भलताच ऐकू येतो, ही जॉर्ज लुकास यांच्या कंपनीपुढची अडचण होती. टॉमलिन्सन हॉलमन यांनी त्यासाठी चित्रगृहाची मानके ठरवली. १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या वेळी हे नाव लोकांपुढे आले. त्यात हॉलमन यांची आद्याक्षरे आहेत आणि लुकास यांच्या १९७१ च्या ‘टीएचएक्स ११३८’ या चित्रपटाची आठवणही. पुष्कळांचा समज असतो तशी ही आवाज भरण्याची पद्धत नव्हे. दर्जा तपासल्याची ती मोहोर आहे.

या चिन्हाबरोबरचा आवाज जेम्स मूरर यांनी संगणकावर रचला. तीस स्वर आधी विस्कळीत गुणगुणतात, मग सरकत सरकत एका भव्य सुरावटीत स्थिरावतात. बेसूर तंबोरा जुळून यावा, तसे ऐकताना वाटते. १९९३ पासून टीएचएक्सची मोहोर लेझरडिस्कवर आणि १९९५ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या व्हिडिओ कॅसेटवरही आली. १९९४ मध्ये ‘द सिम्पसन्स’ या मालिकेत हा आवाज सुरू होताच चित्रगृहातल्या प्रेक्षकांचे दात फुटताना दाखवले, तेव्हा कंपनीने रागावण्याऐवजी ती थट्टाच आपली जाहिरात म्हणून चित्रगृहांत चालवली.

मग डिजिटल आवाज आला. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल, १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस. पहिल्यात आवाज फिल्मच्या छिद्रांमधल्या जागेत छापलेला, दुसऱ्यात वेगळ्या सीडीवर. लेझरडिस्कवर १९९५ मध्ये डॉल्बी डिजिटल आले आणि पाठोपाठ डीव्हीडी. आता मुख्य चित्रपटाआधी चिन्हांचे छोटे चित्रपटच लागू लागले. कधी आगगाडी अंगावरून जाई, कधी पाऊस डोक्यावर पडे.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आला. भाड्याने व्हीसीआर आणून मांडवात रात्रभर चित्रपट पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल. नंतर व्हीसीडी आली. एक चित्रपट दोन-तीन तबकड्यांत मावे आणि आवाज दोनच प्रवाहांचा. त्यामुळे पडद्यावर डीटीएस किंवा डॉल्बी डिजिटलचे चिन्ह दिमाखात फिरे, पण तो सहा बाजूंचा आवाज तबकडीत नसेच. तरी ते चिन्ह आले की आपण आवाज वाढवत असू! ‘डॉल्बी’ म्हणजे मोठा आवाज, ही समजूत अशा प्रसंगांतूनही रुजली असावी.

पुढे व्हीसीआरचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. २०१२ मध्ये आलेले ‘डॉल्बी ॲटमॉस’ मात्र चित्रगृहातून मोबाइलपर्यंत उतरले आहे. माध्यमे गेली, चिन्हे राहिली.

रे डॉल्बी १२ सप्टेंबर २०१३ रोजी वारले. त्या वर्षी बाप्पांची स्थापना ९ सप्टेंबरला झाली होती. म्हणजे ऐन उत्सवात, त्यांच्या नावाच्या भिंती गावोगावी दणाणत असताना त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्या भिंतींशी त्यांच्या कंपनीचा काही संबंध नाही. ज्याने सरसर शांत केली, त्याचेच नाव आपण कानठळ्यांना दिले, याची मात्र मराठी माणूस म्हणून थोडी खंत वाटते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम बाजूला ठेवला, तरी आरती चालू असताना शेजारच्या आजींना छातीवर हात ठेवावा लागू नये, एवढे आपण नक्कीच पाहू शकतो. ज्या शहराशी रे डॉल्बींच्या शोधाचे नाते आहे, त्या शहरातल्या आपल्या मिरवणुकीत टाळ, लेझीम आणि आपले स्वतःचे आवाज असावेत. हळुवार सूरही ऐकू यावा, हीच तर त्या दोन ‘डी’ची मूळ इच्छा होती.

गणपती बाप्पा मोरया!