अर्नेस्टिना-मॉरिसी (स्कूनर)

अर्नेस्टिना-मॉरिसी ही अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील दोन डोलकाठ्यांची लाकडी स्कूनर आहे. स्कूनर म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेने शिडे लावलेले गलबत. ते थोड्या खलाशांनाही हाकता येते. १८९४ साली 'एफी एम. मॉरिसी' या नावाने हे जहाज पाण्यात उतरले. मासेमारी, आर्क्टिक संशोधन, युद्धसेवा आणि स्थलांतरितांची वाहतूक अशी निरनिराळी कामे त्याने केली. १९९० साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

== बांधणी आणि मासेमारी ==
मॅसॅच्युसेट्समधील एसेक्स या गावी जेम्स व टार यांच्या गोदीत हे जहाज प्रामुख्याने ओक लाकडापासून बांधले गेले. पहिले कप्तान विल्यम मॉरिसी यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले. ग्लॉस्टर बंदरातून निघून ते न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात जाई. तेथे जहाजावरून डोरी नावाच्या लहान होड्या सोडल्या जात. त्यांतील कोळी अनेक गळ लावलेल्या लांब दोऱ्यांनी कॉड मासे पकडीत. धुक्यात डोरी जहाजापासून दुरावण्याचा धोका नेहमीच असे. पुढे हे जहाज नोव्हा स्कॉशियातील डिग्बी येथून मासेमारी करू लागले आणि १९१४ च्या सुमारास न्यूफाउंडलंडमधील ब्रिगस येथील हॅरॉल्ड बार्टलेट यांच्याकडे गेले.

== आर्क्टिकमधील प्रवास ==
१९२५ साली कप्तान रॉबर्ट बार्टलेट यांनी हे जहाज आपल्या या नातलगाकडून घेतले. रॉबर्ट पिअरी यांच्या १९०८-०९ च्या ध्रुवमोहिमेत ते 'रूझवेल्ट' जहाजाचे कप्तान होते. बर्फाचा मार सोसण्यासाठी एफी एम. मॉरिसीचे तळाचे लाकूडकाम भक्कम करण्यात आले व त्यावर इंजिनही बसविण्यात आले. १९२६ ते १९४५ या काळात त्याने उत्तरेकडे वीस सफरी केल्या. वस्तुसंग्रहालयांसाठी प्राणी, वनस्पती व जीवाश्म गोळा करणे हे त्यांतील मुख्य काम होते. खर्च भागविण्यासाठी बार्टलेट सधन घरांतील तरुणांना शुल्क घेऊन खलाशी म्हणून नेत. १९४० साली जहाज ८० अंश उत्तर अक्षांशापलीकडे पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात ग्रीनलंड परिसरातील सागरी सर्वेक्षण व रसदपुरवठा त्याच्याकडे होता. १९४६ साली बार्टलेट यांचे निधन झाले.

== केप व्हर्दे ==
नव्या मालकांच्या ताब्यात असताना १९४७ साली न्यूयॉर्क येथे जहाजाला आग लागली आणि ते पाण्यात बुडवावे लागले. त्याचे आयुष्य येथेच संपले असते. परंतु ते पुन्हा वर काढले गेले आणि १९४८ साली कप्तान हेन्रिक मेंडिस यांच्याकडे आले. त्यांनी आपल्या कन्येवरून त्याचे नाव 'अर्नेस्टिना' ठेवले.

केप व्हर्दे ही पश्चिम आफ्रिकेजवळील बेटे तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती. दुष्काळामुळे तेथील अनेक कुटुंबांतील माणसे न्यू इंग्लंडमध्ये स्थायिक झाली होती. अर्नेस्टिना त्यांच्या आप्तांना अमेरिकेत आणी आणि परतताना त्यांनी घरी पाठविलेले कपडे व जिन्नस नेई. १९६५ पर्यंत तिच्या अटलांटिकपारच्या खेपा चालू होत्या. स्थलांतरितांना नियमितपणे अमेरिकेत आणणारे हे शेवटचे शिडाचे जहाज मानले जाते. त्यानंतर ती बेटांमध्येच मालवाहतूक करीत राहिली.

== पुनरागमन आणि जतन ==
१९७५ साली केप व्हर्दे स्वतंत्र झाले. पुढील वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी सोहळ्यासाठी निघालेल्या अर्नेस्टिनाच्या डोलकाठ्या समुद्रात मोडल्या व तिला परतावे लागले. मिंडेलो येथे तिची पुनर्बांधणी करून केप व्हर्देने ती अमेरिकेच्या जनतेला भेट दिली. १९८२ साली ती अमेरिकेत पोहोचली. मॅसॅच्युसेट्स राज्याकडे मालकी आणि न्यू बेडफर्ड हे बंदर अशी व्यवस्था झाली.

२०१४ साली तिला सध्याचे जोडनाव मिळाले. २०१५ ते २०२२ या काळात मेन राज्यातील बूथबे हार्बर येथे तिचा मोठा जीर्णोद्धार झाला. त्यानंतर ती मॅसॅच्युसेट्स मेरिटाइम अकादमीकडे प्रशिक्षणासाठी सुपूर्द करण्यात आली. वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांमुळे १८९४ मधील लाकूड तिच्यात फारच थोडे उरले आहे. तिचा मूळ आकार, शिडांची रचना आणि दोन कप्तानांच्या कन्यांची नावे मात्र कायम आहेत.